मासळी युनिटमधल्या कन्व्हेयरच्या मोटरी टिकत नाहीत, स्टेनलेस गिअर मोटर घ्यावी का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी आहे, लाइन जवळपास थंड आहे, त्यामुळे हा विषय आत्ताच मिटवायचाय. एकदा होड्या सुटल्या की डोकं वर काढायला वेळ नसतो.

धुण्याच्या, ग्लेझिंगच्या (मालावर बर्फाचा पातळ थर चढवायच्या) आणि तपासणीच्या पट्ट्यांवर अर्धा ते दोन एचपीच्या साध्या गिअर मोटरी आहेत. अॅल्युमिनियम बॉडीचा वर्म गिअरबॉक्स, त्याला आयपी ५५ मोटर (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा). प्रत्येक शिफ्टनंतर फोम, प्रेशर वॉशर, मग हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक. ऑगस्टमध्ये लावलेली नवी मोटर दिवाळी बघते, शिमगा बघेलच असं नाही. पोरं धुण्याआधी मोटरवर प्लास्टिकची पिशवी बांधतात, आणि ती काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता एक सप्लायर आलाय. पूर्ण स्टेनलेसची गिअर मोटर, आयपी ६९के, 'लावा आणि विसरा' म्हणतो. किंमत साध्या मोटरच्या कितीतरी पट. मालकांचं म्हणणं, तेवढ्या पैशात साध्या मोटरी आणून गोदामात रचून ठेवतो, जळली की बदला. त्यांचा हिशेब खोडून काढायला माझ्याकडे मुद्दा नाही. कुणी वापरल्यात का या मोटरी? आपल्या हवेत खरंच टिकतात?

वायंडिंगवाला

दादा, घेवची की नाय ता मागीर बघूया. आधी मेलेल्या मोटरीचा पंचनामा सांगा. उघडल्यावर पाणी कुठे दिसलं, टर्मिनल बॉक्समध्ये की शाफ्टच्या बाजूला? कुठलं बेअरिंग गंजलेलं, पंख्याकडचं की गिअरबॉक्सकडचं? तेलाचा रंग काय? माझ्याकडे कुडाळला रिवाइंडिंगला येणाऱ्या मोटरींत 'जळाली' म्हणून आणलेल्या बऱ्याच मुळात बुडालेल्या असतात. जळणं नंतरचं.

खाडीकाठ

पाणी बहुतेक वेळा टर्मिनल बॉक्समध्ये. ग्लँडचं, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या बुचाचं, रबर कडक होऊन चिरलेलं, केबल वरून थेट खाली येते. गिअरबॉक्सकडचं बेअरिंग आधी जातं. तेल पांढुरकं, फेसाळ. बॉडीवर पांढरी पूड आणि रंगाचे पापुद्रे. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावला तर धुलाईनंतर सकाळी काटा शून्याकडे झुकतो, हॅलोजनखाली वाळवलं की वर चढतो. म्हणून पुन्हा लावतो. मग एक दिवस चढतच नाही.

घाटाच्या_वर

मूळ गुहागरचा, पुण्यात ड्राइव्ह सिलेक्शनचं काम करतो. कुठल्याही कंपनीचा विक्रेता नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या मोटरीत पाणी बाहेरच्या दाबाने जेवढं शिरतं, त्याहून जास्त मोटर स्वतः ओढून घेते. शिफ्टभर चालून मोटर तापलेली असते, आतली हवा प्रसरण पावून सीलमधून थोडी बाहेर गेलेली असते. त्या तापलेल्या बॉडीवर गार पाण्याचा मारा केला की आतली हवा झटकन आकसते आणि आत निर्वात तयार होतो. पल्पचा डबा गरम सील केल्यावर थंड होताना झाकण आत ओढलं जातं, तोच प्रकार. फरक एवढाच, की मोटरला झाकणाऐवजी ऑइल सील आणि ग्लँड असतात. तिथे त्या क्षणी साचलेलं क्लोरीनचं पाणी आत खेचलं जातं. गिअरबॉक्सचंही तेच, त्याला तर हवेसाठी ब्रीदर मुद्दाम ठेवलेला असतो. तेल पांढुरकं होतं ते यामुळे.

आता आयपीचे आकडे. ५५ मधला दुसरा ५ म्हणजे साध्या नळीच्या फवाऱ्यापुरतं संरक्षण. ६६ म्हणजे १२.५ मिमी नोझलमधून मिनिटाला १०० लिटरचा जोरदार झोत. ६९ किंवा ६९के ची चाचणी वेगळीच असते. ८० अंश सेल्सियसचं पाणी, ८० ते १०० बार दाब, मिनिटाला साधारण १५ लिटर, नोझल १०० ते १५० मिमी इतकं जवळ, आणि चार कोनांतून प्रत्येकी ३० सेकंद. तुमच्या प्रेशर वॉशरच्या जवळ जाणारी चाचणी ही एकच.

पण सप्लायर हे सांगत नाही की ती नव्या मोटरवर, साध्या पाण्याने होते. हायपो, कॉस्टिक फोम आणि वर्षभर घासलेलं सील यांबद्दल ती काही बोलत नाही. ६९ आहे म्हणून पाण्यात बुडवलेलीही चालेल असंही नाही. त्यासाठी ६७ किंवा ६८ वेगळं लिहिलेलं लागतं. खड्ड्यात पाणी साचतं अशा जागी मोटर असेल तर हे विचारून घ्या.

कॅनिंगवाला

देवगडकडे हापूसचं पल्प युनिट आहे. आमचा हंगाम एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा, पण त्या दिवसांत लाइन थांबली तर आंबा थांबत नाही.

आम्ही फळ धुण्याच्या एलेव्हेटरवर आणि तपासणी पट्ट्यावर स्टेनलेसच्या घेतल्या. पाणी शिरणं बंद झालं हे खरं. पण त्या तापतात. हात ठेवता येत नाही इतक्या. पहिल्या आठवड्यात ऑपरेटर ओरडत आला, मोटर पेटतेय म्हणून. शिवाय गरम बॉडीवर उडालेला पल्प तिथेच भाजून चिकटतो आणि घासून काढावा लागतो. स्वच्छतेसाठी आणलेली वस्तू, तिचीच घासघीस.

वायंडिंगवाला

म्हंजे पैशे देवन शेगडी घेतलात! 😀

घाटाच्या_वर

हसण्यावारी नेऊ नका, त्याला कारण आहे. स्टेनलेसमधून उष्णता फार हळू वाहते. उष्णतावाहकतेचा आकडा साधारण १५-१६, बिडाचा ५० च्या आसपास, आणि ओतीव अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा शंभराच्या पुढे. त्यात या मोटरींना पंखा नसतो आणि फिन्सही नसतात, म्हणजे बॉडीवरच्या त्या उभ्या पट्ट्या. गुळगुळीत नळकांडं. पाणी आणि घाण अडकू नये म्हणूनच ते तसं असतं, पण उष्णता बाहेर पडायचा रस्ताही त्याबरोबर जातो. म्हणून त्याच फ्रेममध्ये स्टेनलेस मोटर कमी ताकद देते. जुन्या मोटरवर एक एचपी लिहिलंय म्हणून डोळे झाकून एक एचपीची स्टेनलेस मागवली तर ती काठावर चालते.

कॅनिंगवाले, तुमच्या मोटरला वर्म गिअरबॉक्स आहे का? ६० ला १ सारख्या मोठ्या रेशोला वर्मची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या घरात किंवा खालीही येते. उरलेलं सगळं तेलात उष्णता होऊन बसतं. त्याजागी हेलिकल-बेव्हल (तिरप्या आणि शंकूच्या आकाराच्या गिअरांचा) गिअरबॉक्स घेतला तर ९० टक्क्यांच्या पुढे राहता, मग मोटरच लहान लागते. आणि मोटर इंडक्शनऐवजी परमनंट मॅग्नेट घेतली तर रोटरमधली हानी जवळपास जाते, बॉडी बरीच थंड राहते. स्टेनलेसमध्ये मला तरी ही जोडी शहाणपणाची वाटते.

कॅनिंगवाला

हो, वर्मच आहे. सप्लायरने रेशो आणि एचपी विचारलं, दुसरं काही विचारलं नाही.

वायंडिंगवाला

साहेब, मॅग्नेटवाली मोटर व्हीएफडीशिवाय, म्हणजे वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हशिवाय, चालत नाही. थेट स्टार्टरवर लावलीत तर नुसती थरथरते. आणि या ६९ वाल्या मोटरींचं वायंडिंग इपॉक्सीत ओतून बंद केलेलं असतं. पाणी आत गेलं तरी तारेपर्यंत पोचू नये म्हणून. चांगलं आहे. पण ती गेली तर मी काही करू शकत नाही, माझ्यासारखा दुसरा कोणी पण नाही. साधी मोटर मी दोन दिवसांत बांधून देतो. ही गेली तर कंपनीकडून नवीन. जुलैत आंबा घाट बंद असला की कुरिअर फिरून फिरून कधी येतो ते तुम्हाला ठाऊकच.

मी माझ्या धंद्याच्या पोटी बोलतोय असं समजू नका. स्टेनलेस घ्यायची तर एक स्पेअर सोबत घ्या, आणि सगळ्या पट्ट्यांना एकच फ्रेम, एकच बोअर (शाफ्ट बसायचं भोक) ठेवा, म्हणजे तो स्पेअर कुठेही बसेल. नायतर गोदामात स्पेअर आणि लाइन बंद.

घाटाच्या_वर

हा मुद्दा मान्य. कागदावर आम्ही मोटरचं आयुष्य काढतो, घाटाचं नाही. व्हीएफडी मात्र ओल्या भागात ठेवूच नका. पॅनेल कोरड्या खोलीत आणि पॅनेलमध्ये छोटा हीटर. पावसाळ्यात रात्री पॅनेल थंड पडलं की आत दव धरतं, तेवढं कार्ड जायला पुरतं.

पिकलिंग_पेस्ट

चिपळूणकडे स्टेनलेस फॅब्रिकेशन करतो. मोटरीत मला कळत नाही, पण 'स्टेनलेस' एवढ्याच शब्दावर कोणी पैसे देत असेल तर थांबवावंसं वाटतं. कुठलं स्टेनलेस?

३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि क्लोराइडपुढे टिकायला तेच लागतं. खड्डे पडायला विरोध किती ते मोजायचा एक निर्देशांक आहे, त्यात ३०४ साधारण १८-१९ वर तर ३१६ साधारण २४ वर असतं. वेल्डिंग असेल तर ३१६एल, कारण कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असल्याने जोडाशेजारी गंज धरत नाही. तुमच्याकडे मीठ हवेत, माशात आणि बर्फाच्या पाण्यात आहे, वर हायपोक्लोराइट. ३०४ दुधाच्या डेअरीत चालेल, मिरकरवाड्याच्या वाऱ्यावर त्याला तपकिरी डाग येणार. डाग म्हणजे भोक नव्हे, पण बोल्टच्या डोक्याखाली, गॅस्केटच्या फटीत, नेमप्लेटच्या मागे तोच डाग खोल जातो.

लोकांना उलटं वाटतं म्हणून सांगतो. समुद्रकाठचं उघड्यावरचं रेलिंग पावसाने धुतलं जातं म्हणून बरं राहतं. छपराखाली, जिथे पाऊस पोचत नाही आणि खारी हवा पोचते, तिथलं आधी डागतं. तुमची मोटर छपराखालीच. रोज शेवटी गोड्या पाण्याने धुतलीच पाहिजे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी त्या कामाला नको.

लोहचुंबक लावून ३०४ आहे की ३१६ ते कळत नाही. दोन्ही जवळपास चिकटत नाहीत आणि वाकवलेल्या जागी दोन्ही थोडे चिकटतात. बाजारात २०० सिरीजचा माल 'एसएस' म्हणून सर्रास विकला जातो, त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि तोही चुंबकाला फारसा धरत नाही. मॉलिब्डेनमचं थेंब टाकून बघायचं किट मिळतं, नाहीतर एक्स-रे गनवाला बोलवा. मटेरियल सर्टिफिकेट मागा. बॉडी ३१६ आणि बोल्ट ३०४, किंवा शाफ्टच साधा, असंही पाहिलंय. आणि ज्या ग्राइंडरच्या चाकाने साधं लोखंड घासलंत ते या मोटरच्या जवळ नेऊ नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि महिन्याभरात 'स्टेनलेसला गंज आला' अशी तक्रार येते.

आंबोळी

मी एक्स्पोर्ट युनिटमध्ये क्वालिटी बघते. मोटर किती टिकते यापेक्षा ती पट्ट्याच्या वर बसलीय की खाली, हे मी आधी बघते. ऑडिटर पण तेच बघतो.

साध्या मोटरचा रंग पापुद्रा होऊन पडतो तो कुठे पडतो? कोळंबीवर. तिचा पंखा धुलाईच्या वेळी आणि नंतरही ओली हवा, त्यातले थेंब आणि जंतू आजूबाजूला उडवत राहतो. पंख्याच्या जाळीआड काय साठतं ते एकदा उघडून बघा, जेवणाआधी नको. स्टेनलेस मोटरला पंखा नाही हा माझ्या दृष्टीने तिचा मोठा गुण, चकाकी नव्हे. सप्लायरला पृष्ठभागाचा खडबडीतपणा विचारा. अन्न लागतं अशा जागी ०.८ मायक्रॉनच्या आत हवा असा सर्वसाधारण दंडक आहे. मोटरला अन्न थेट लागत नाही, पण वरून ठिबकत असेल तर मी तिला त्याच नजरेने बघते. नेमप्लेट रिव्हेट मारून लावलेली नको, बॉडीवर लेझरने कोरलेली हवी. वरचा भाग सपाट नको, पाणी ओघळून जायला हवं.

तेलाचा मुद्दा कुणी काढलाच नाही. गिअरबॉक्समध्ये एनएसएफ एच१ नोंदणीचं तेल हवं, म्हणजे चुकून अन्नाला लागलं तर चालेल असं. 'चालेल'चा अर्थ गळू दे असा नाही. अमेरिकी नियमात अशा खनिज तेलाची मर्यादा १० पीपीएम आहे. आणि तेलाच्या पिंपावर नुसतं 'फूड ग्रेड' छापलेलं मी धरत नाही, नोंदणी दाखवा.

खाडीकाठ

ताई, मालकांनी सुचवलंय की साध्या मोटरवर स्टेनलेसच्या पत्र्याचा डबा करून बसवू. तो चालेल का?

आंबोळी

माझ्या ऑडिटमध्ये तरी नाही. डब्याच्या आत हात जात नाही, पाणी जातं, झुरळ जातं. बाहेरून चकचकीत आणि आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. पिशवीचंही तसंच.

घाटाच्या_वर

शिवाय डब्यात मोटरला हवा मिळत नाही. पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. पिशवीने तर आतली वाफ पण बाहेर जात नाही.

तेलाबद्दल ताईंना एक जोड. वर्ममध्ये बऱ्याचदा पीएजी सिंथेटिक तेल असतं, हेलिकल-बेव्हलमध्ये पीएओ. दोन्ही एच१ मध्ये मिळतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. टॉप-अप करताना जे हाताला येईल ते ओतलं तर आत चिकट गाळ होतो. प्रत्येक गिअरबॉक्सवर तेलाचं नाव लिहून ठेवा.

उणे_चाळीस

आयक्यूएफ फ्रीझर (नग सुटे सुटे गोठवणारा) चालवतो, तळोजाला. खाडीकाठ यांची लाइन फ्रीझरमध्ये जात असेल तर तिथला हिशेब निराळा. उणे ३५ ला २२० ग्रेडचं तेल घट्ट होऊन बसतं आणि सकाळी मोटर ट्रिप होते. पातळ सिंथेटिक लागतं, सील पण थंडीला चालणारं. आमची मोटर आम्ही शक्यतो फ्रीझरच्या भिंतीबाहेर काढलीय, शाफ्ट आत. तेच सगळ्यात स्वस्त पडलं. डीफ्रॉस्टच्या वेळी गार मोटरवर दव धरतं ते वेगळंच दुखणं.

खाडीकाठ

फ्रीझरची मोटर आमचीही बाहेरच आहे. पण शाफ्ट लांब करून मोटर बाजूला नेण्याची कल्पना तपासणी पट्ट्याला लागू पडेल. तिथे एका बाजूला कोरडी जागा आहे. ती मोटर स्टेनलेसची घ्यायलाच नको मग.

कॅनिंगवाला

अगदी. आम्ही सरसकट घेतल्या, त्यातल्या काही तिथे नसत्या तरी भागलं असतं. जिथे झोत पोचतो आणि खाली उघडं अन्न आहे तिथेच पैसे घाला. बाकी ठिकाणी इपॉक्सी रंगाची ६६ मोटर, चांगली ग्लँड, आणि पोरांना दम.

वायंडिंगवाला

दम फुकट असतो म्हणून कोण देत नाय. मोटर बंद करून अर्धा तास निवू द्या, मग धुवा. आधी टेबलं, फरशी, क्रेट धुवा, मोटरीवाला भाग शेवटी. लान्स (प्रेशर वॉशरची नळी) सीलवर आणि ग्लँडवर रोखून धरायचा नाही, हातभर लांबून. केबल वरून थेट उतरवू नका, ग्लँडच्या खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी वळशाच्या टोकावरून टपकेल. ग्लँड शक्यतो खालच्या बाजूला. ग्लँड पण स्टेनलेस घ्या, आणि केबलच्या जाडीला बसणारी. हजारोंची मोटर आणि पन्नास रुपयांची सैल ग्लँड, हे मी रोज बघतो.

आंबोळी

आणि झोताचा दाबच कमी करा. जास्त दाबाने घाण निघते त्याहून जास्त उडते, फरशीवरचे जंतू धुक्यासारखे पट्ट्यावर येऊन बसतात. फोमला नीट वेळ दिला तर कमी दाबाच्या पाण्याने निघतं. हे मी मेंटेनन्सवाल्यांना सांगितलं की ते म्हणतात क्वालिटीवाल्यांना काय जातंय सांगायला.

खाडीकाठ

आज मालकांशी बसलो. धुण्याच्या आणि ग्लेझिंगच्या पट्ट्यांना ३१६एल, हेलिकल-बेव्हल, मॅग्नेट मोटर, आणि एक स्पेअर. मालक स्पेअरवर अडले होते. मग ऑगस्टच्या तोंडाशी एक दिवस लाइन बंद पडली तर बर्फात किती माल थांबतो आणि त्यातला किती खाली उतरतो, हे त्यांनीच काढलं. तपासणी पट्टा जुन्याच मोटरवर, बाजूला सरकवून. सप्लायरला सर्टिफिकेट मागितलंय, अजून 'पाठवतो' चाललंय. ऑर्डरमध्ये अजून काय लिहून घेऊ?

पिकलिंग_पेस्ट

सर्टिफिकेट आल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.

घाटाच्या_वर

माउंटिंग पोझिशन लिहा. एम१ ते एम६ अशा सहा असतात. तेल किती भरायचं आणि ब्रीदर असेल तर तो कुठे येणार हे त्यावर ठरतं. आडवी सांगून उभी लावलीत तर एखादं बेअरिंग तेलाच्या वर कोरडं राहतं. पूर्ण बंद, ब्रीदर नसलेला गिअरबॉक्स मिळत असेल तर तो मागा. मोटरला निचऱ्याचा प्लग असेल तर तुमच्या पोझिशनला तो तळात येतोय ना ते ड्रॉइंगवर बघा. शाफ्ट सील दुहेरी ओठांचं, एफकेएम रबराचं, आणि त्यावर हायपो व कॉस्टिक चालतं असं लेखी घ्या, टक्केवारीसकट.

वायंडिंगवाला

पोकळ शाफ्टची असेल तर कन्व्हेयरचा शाफ्ट पण बदला. तुमचा आत्ताचा साधा लोखंडी असणार. स्टेनलेसच्या बोअरमध्ये तो गंजून असा बसेल की पुढच्या वर्षी पुलरने पण निघणार नाय, कापायलाच लागेल. शाफ्ट स्टेनलेसचा, आणि बसवताना एच१ वाली अँटी-सीझ पेस्ट. बोल्टांना पण तीच, स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसमध्ये कोरडा आवळला की जाम होतो. दोन्ही टोकांना बंद कव्हर मागा. आणि आत्ताचे शाफ्ट व्हर्नियरने मोजून ठेवा, कॅटलॉगवर जाऊ नका.

खाडीकाठ

मोजले. एक पट्टा २५ मिमी आणि एक ३०. म्हणजे एकच स्पेअर दोन्हीकडे बसवायचा तर नव्या शाफ्टची टोकं ३० लाच टर्न करून घ्यावी लागतील. टर्नरला उद्या बोलावतो.